धोंडूमामांची फेड

कुणी मदत केली की आमच्या धोंडूमामांना अन्न गोड लागत नसे. एकदा पिंपरी पेंढारच्या स्टँडवर माझ्या थोरल्या भावानं त्यांचं युरियाचं पोतं जीपमधून उतरवायला हात लावला. झालं! मामा त्याच्या मागोमाग आमच्या दारात हजर. "काय उचलायचं आसंल तर सांगा." आई आतूनच म्हणाली, काही नाही. मामांनी इकडंतिकडं पाहिलं, आमचं ज्वारीचं पोतं या कोपऱ्यातून उचलून त्या कोपऱ्यात ठेवलं, हात झटकले आणि "फेड झाली, राव," म्हणून चालू लागले. आई संध्याकाळभर ज्वारी शोधत होती.

तशी सावड आमच्याकडं सगळेच करतात. आज तुम्ही माझ्या रानात कांदे लावा, उद्या मी तुमच्या. पण बाकीचं गाव जरा सैल. कुणाचा एखादा दिवस कुणाकडं राहून जातो, मग त्या निमित्तानं येणं-जाणं, चहापाणी, रुसवेफुगवे चालू राहतात. मामांचं तसं नव्हतं. त्यांच्याकडं सकाळी केलेलं काम संध्याकाळी फिटलेलं असे. पोरगा भोसरीला कंपनीत होता. त्यानं दिवाळीला स्वेटर पाठवला, तर मामांनी लगोलग एसटीच्या टपावर बाजरीचं पोतं चढवून दिलं. मग पोरानं मफलर पाठवला, आणखी एक पोतं गेलं. पुढं पोरानं काही पाठवायचं बंद केलं. सून काकुळतीला आली होती म्हणे, घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

तर अशा माणसाच्या रानातून शाळेच्या पाण्याचा पाइप जायचा होता.

वस्तीवरच्या शाळेत पाणी नव्हतं. पोरी मधल्या सुट्टीत विहिरीवरून कळशा वाहायच्या. पाइप येऊन पडले होते, पण चर कोण खणणार? ऐन कांदालागवडीचे दिवस, माणूस मिळेना. तेवढ्यात कुणाच्या तरी ओळखीनं कळलं, डेन्मार्कची कॉलेजची पोरं एक दिवस श्रमदानाला येतायत. मी तेव्हा बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं, म्हणून दुभाषा झालो. इंग्रजी बोलायची ती माझी पहिलीच वेळ, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पोरं आली तीच उशिरा. गोरा माणूस दिसला की आमचे जीपवाले विचारत नाहीत, थेट खोडदच्या मोठ्या रेडिओ-दुर्बिणीवर, जिथं परदेशी शास्त्रज्ञ येतात, तिथं नेऊन सोडतात. तिथल्या वॉचमननं परत पाठवलं तेव्हा कुठं मंडळी वस्तीवर पोचली. कुदळी-फावडी घेऊन रानात शिरतात, तर बांधावर धोंडूमामा काठी आडवी धरून उभे.

"पावण्यांनी माझ्या रानात घाम गाळायचा, आन् मी काय फेडायचं? डेनमार्कात जाऊन खणू का?"

"मामा, ही सेवा आहे. सेवेची फेड नसते."

"मंग ती सेवा तुमी बांधाच्या पल्याडनं न्या."

बांधाच्या पल्याड नुसता खडक होता. आज चर झाला नाही तर पोरं संध्याकाळी निघून जाणार आणि शाळेच्या नशिबी पुन्हा कळशीच. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. पोरं आपसांत कुजबुजली. मग मामांनीच तोड काढली. "त्यांला इचार, तुमचं काय काम हाय का? तुमी आमचं करा, आमी तुमचं. पर आजच्या आज. सांजच्याला फेड झाली पायजे."

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. एकीकडं पोरं खणतायत आणि दुसरीकडं मामा घामाघूम होऊन त्यांची कामं शोधतायत. एकाची दाढी वाढली होती, त्याच्यासाठी न्हावी आणला. एकाच्या पिशवीचा बंद तुटला होता, तो मामांनी स्वतः दाभण घेऊन शिवला. मातीनं भरलेले शर्ट बायांनी विहिरीवर धुऊन टाकले. त्यांच्यातल्या पोरींच्या डोक्याला तेल लावून अशा घट्ट वेण्या घातल्या की त्यांच्या भुवया वर चढल्या. एका उंच पोराला बैलगाडी हाकायची होती. ते काम धरावं की नाही यावर मामांनी बराच विचार केला आणि धरलं. दुसऱ्याला ट्रॅक्टरवर बसून फोटो हवा होता.

"फोटू हे काम न्हाई," मामांनी निकाल दिला. "त्याला इचार, दुसरं काय."

हाना नावाची एक पोरगी तेवढी राहिली. तिनं सगळ्यांत जास्त खणलं होतं. तिला काहीच नको होतं. मामा दर थोड्या वेळानं माझ्यामार्फत विचारायचे, ती हसून मान हलवायची आणि पुन्हा कुदळ मारायची. "लई वंगाळ पोरगी हाय," मामा म्हणायचे आणि तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहायचे.

दिवस कलायच्या आत चर पुरा झाला. पाइप जोडले, मोटर चालू केली. शाळेच्या टाकीत आधी नुसती हवा फुसफुसली, मग गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. शाळेच्या पोरींनी कळशा फेकून दिल्या आणि नळाखाली डोकी घातली. कुणीतरी हलगी आणली. डेन्मार्क आणि पिंपरी पेंढार एकत्र नाचले. मीही नाचलो. एवढा आनंद मला बी.ए. पास झाल्यावरही झाला नाही.

गाडी निघायच्या वेळी हाना धावत आली. तिच्या बुटाचा तळ पुढून उघडला होता. ती बूट हातात घेऊन मामांपुढं उभी राहिली आणि खुणेनं म्हणाली, हे करा. मला हायसं वाटलं. ड्रायव्हरही म्हणाला, "करा मामा, थांबतो मी."

मामांनी बूट घेतला. उलटा-सुलटा करून पाहिला. खिशातून दाभण काढलं, दोरा ओवला. मग एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा रस्त्याकडं. आणि दाभण खिशात ठेवून बूट तिला परत दिला.

"तिला सांग, आज न्हाई व्हत. पुढच्या येळंला करू."

मी चकित. तिला सांगितलं. ती क्षणभर मामांकडं पाहत राहिली. मग तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरून जोरजोरानं हलवला आणि फाटका बूट तसाच घालून गाडीत चढली.

धूळ खाली बसल्यावर मी विचारलं, "मामा, दोन टाक्यांचं काम होतं. का नाही केलं?"

"समद्यांची फेड झाली," मामा म्हणाले. "जन्मभर करीत आलो. आता माझ्या दारात कुणाचं काय काम ऱ्हायलंय? पोरगं बी येत न्हाई." मला एकदम भरून आलं.

मामांनी डोळे पुसले, पण चेहरा असा की कुस्ती मारून आलेत. गाडी गेली त्या रस्त्याकडं बोट करून ते मोठ्यांदा म्हणाले, "आता बघ. त्या पोरीच्या बुटाचं काम ऱ्हायलंय माझ्याकडं. यील का न्हाई?"