मित्रमाशीची पुडी

आधी एक सांगून ठेवतो. मी सासऱ्यांच्या घरी राहतो, पण मला घरजावई म्हणायचं नाही. तोंड फोडीन. म्हातारा एकटा पडू नये म्हणून राहतो. म्हैस मीच बघतो. तेवढं एकच काम माझ्याकडं आहे. (बाकी कामं सांगत नाहीत. एकदा पाण्याचा पंप दुरुस्त केला होता, तेव्हापासून.)

तर गोठ्यात माश्या झाल्या. किती? म्हैस पांढरी असती तरी काळीच दिसली असती! धार काढायला बसलो की शेपटी माझ्या तोंडावर आणि पाय बादलीत. दूध निम्म्यावर आलं. सासरे म्हणाले, "माश्या हटल्या नाहीत तर म्हैस विकतो."

म्हैस गेली तर या घरात मी कशाला? म्हटलं, जनावरांच्या डॉक्टरला विचारू. तिथंच चुकलो. डॉक्टर बोलला बायकोशी. (माझ्याशी बोलत नाही. पंप त्याचाच होता.) आणि एक दिवस घरात पुडी आली.

"हे काय?"

"मित्रमाश्या," बायको म्हणाली.

"माश्या? विकतच्या? फुकटच्या कमी पडल्या काय?"

"अहो, ओरडू नका. चिलटाएवढी असते ती, माणसाला चावत नाही. माशीच्या कोषात अंडं घालते, तिचं पिल्लू आतली माशी खाऊन टाकतं."

पुडी फोडली. आत तांबडे दाणे. अरे, हे तर माशीचे कोष! शेणात रोज बघतो मी!

"फसवलं तुला! आपल्याच माश्या आपल्याला विकल्या!"

"कोष माशीचे, पण आत मित्रमाशीची पिल्लं आहेत. परोपजीवी म्हणतात."

"नीट मराठीत बोल."

"दुसऱ्याच्या घरात शिरायचं, तिथलंच खायचं, तिथंच मोठं व्हायचं."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे ऐतखाऊ! लाज नाही वाटत? दुसऱ्याच्या घरात बसून फुकट गिळायचं? असली जात माझ्या गोठ्यात क्षणभर ठेवणार नाही!"

बायको भिंतीकडं बघायला लागली. कोपऱ्यातून सासरे खोकले.

"कुणाच्या गोठ्यात?"

मग काय! पुडी घेऊन तरातरा बाहेर गेलो आणि मुठी भरभरून दाणे उकिरड्यावर भिरकावले. उरलेले दाणे गोठ्यामागच्या शेणात. तोंडानं शिव्या अशा, की म्हैस रवंथ करायची थांबली.

पुढं हळूहळू माश्या विरळ झाल्या. म्हैस शांत उभी राहायला लागली, बादली भरायला लागली. मी छाती काढून म्हणालो, "बघितलं? पुडी फेकली म्हणून! दहशत बसली माश्यांना!"

"अहो, ती उकिरड्यावरच टाकायची होती," बायको म्हणाली. "पुडीवर लिहिलंय तसं. पण तुम्ही काय एकसारखी पसरलीत! मला जमलं नसतं."

"मग आधी का नाही बोललीस?"

"बोलले असते तर टाकली असतीत?"

मी बादली उचलली आणि धार काढायला गेलो.

काल सासरे म्हणाले, म्हैस विकत नाही. जरा बरं वाटतंय तोवर दुसरी पुडी हातात ठेवली. "जावईबापू, अधूनमधून टाकावी लागते म्हणे."

"मी नाही टाकणार!"

"नका टाकू. तुम्ही नुसतं चिडा."

असा संताप आला, असा संताप आला म्हणून सांगू! पुडीत एक दाणा ठेवला नाही.