आमच्या काउंटीतले खांबेटेकाका

कॅलिफोर्नियात सांताक्रूझ नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा. तिथे माझ्या ओळखीचं चिटपाखरूसुद्धा नाही. तरी तिथल्या चुन्याच्या भट्ट्यांसाठी किती जंगल जळालं, पाद्र्यांचं पहिलं चर्च नदीकाठी बांधल्यामुळे पुरात कसं सापडलं आणि तिथल्या जमीनदारांना अस्वल आणि बैल यांची झुंज लावायची हौस का होती, हे सगळं मला मुखोद्गत आहे. माझ्या स्वतःच्या सातारा जिल्ह्याबद्दल विचाराल तर कंदी पेढ्यांपलीकडे माझी मजल जात नाही. या अवस्थेला एकच माणूस जबाबदार आहे. डॉक्टर खांबेटे.

जपानातल्या २०११च्या भूकंपानंतर उरायासूत भाडी उतरली आणि दोनेक वर्षांनी आम्ही तिथे राहायला गेलो. टोकियोला खेटून, समुद्रात भराव घालून वसवलेलं हे गाव. भूकंपात खालची वाळू पातळ होऊन वर उफाळली होती, विजेचे खांब तिरके झाले होते आणि पुष्कळ भाडेकरूंनी पोबारा केला होता. आम्ही पडलो पुण्याहून आयटीच्या कामाला आलेली माणसं. स्वस्त घर दिसल्यावर मागे हटतोय कशाला! फ्रीज वर चढवत होतो, एक टोक माझ्याकडे, एक सामान पोचवायला आलेल्या जपानी माणसाकडे. तिसऱ्या मजल्यावर एक किडकिडीत, पन्नाशीचे गृहस्थ दार उघडून उभे होते.

"पुण्याचे का? छान. जमीन बघून घेतलीत?"

"जमीन?"

"भरावाची आहे. माणसाला पाण्याजवळ बसायची खोड फार. आमच्या काउंटीतही तेच झालं. मुळात तिथे ओलोनी लोक..."

ओलोनी आले, स्पॅनिश पाद्री आले, मेक्सिकोचा अंमल आला. सोन्यासाठी लोक धावत सुटले तेव्हा माझ्या हातांना मुंग्या आल्या. पलीकडचा जपानी माणूस मात्र फ्रीज खांद्यावर घेऊन, एक अक्षर कळत नसताना, दर वाक्याला "हाई, हाई" म्हणत मान डोलवत होता. त्या दिवसापासून जपानी सौजन्याबद्दल मी कुणाचं काही ऐकून घेत नाही.

खांबेटेकाका एका संशोधन संस्थेत काँक्रीटला पडणाऱ्या भेगांचा अभ्यास करायचे. पण त्यांना कशाबद्दलही विचारा, उत्तर ओलोनींपासून सुरू व्हायचं. ओलोनी म्हणजे त्या काउंटीतले मूळ रहिवासी. जवळच्या निशी-कसाईत, भारतीयांच्या वस्तीत, चांगली तूरडाळ कुठे मिळते, या साध्या प्रश्नालाही "मुळात ओलोनी लोक ओकची फळं कुटून खायचे" इथून आरंभ. मध्येच कुणी घाईचं काम काढलं तर "हे फार वरवरचं झालं हं," असं खिन्नपणे म्हणायचे.

माझी बायको मुग्धा विलेपार्ल्याची. तिने पहिल्याच भेटीत विचारलं, "काका, सांताक्रूझ ईस्ट की वेस्ट?"

काकांनी तो प्रश्न अतिशय गांभीर्याने घेतला. "वेस्ट. थेट पॅसिफिकला लागून. तुमचं ते पोर्तुगीजांचं. आमचं स्पॅनिशांचं."

"पण तुम्ही कधी राहायला होतात तिथे?"

"नाही."

"निदान बघून तरी आलात?"

"शिवरायांचा इतिहास सांगणारे काय रायगडावर राज्याभिषेकाला हजर होते?" काका म्हणाले. मुग्धा गप्प झाली. माझ्या संसारात ही गोष्ट क्वचित घडते.

आमच्या इमारतीचे केअरटेकर ओगावा-सान यांच्याशी काका जपानीतून बोलायचे. काकांचं जपानी मोठं धाडसी. त्यात 'ते लोक' आणि 'आम्ही लोक' यांत फारसा भेदभाव नसे. ओलोनींची जमीन कशी गेली हे त्यांनी ओगावा-सानना इतकं जीव तोडून सांगितलं, की काका स्वतःच अमेरिकेतले आदिवासी आहेत, असा ओगावा-सानांचा पक्का ग्रह झाला. तिथे कचरा वेगवेगळा टाकायचा कडक नियम; जळणाऱ्या कचऱ्यात आम्ही एक बाटली टाकली की पिशवीवर लाल चिठ्ठी लागायची. काकांनी काहीही टाकलं तरी ओगावा-सान स्वतः उचलून नीट वेगळं करायचे. "त्यांनी फार सोसलंय," एकदा त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं.

आता वाटतं, चुकीच्या रस्त्याने का होईना, ओगावा-सान आमच्या आधी मुक्कामाला पोचले होते.

आम्हाला कळलं ते निशी-कसाईच्या भारतीय दुकानात. मुग्धाला तिथे उरायासूत बरीच वर्षं राहिलेल्या एक बाई भेटल्या. खांबेट्यांना बायको होती, रेवा नावाची आठ वर्षांची मुलगी होती. भूकंपानंतर नळाला पाणी नाही, जमीन रोज हलतेय, वर किरणोत्सर्गाची भीती. बायको मुलीला घेऊन भावाकडे गेली, थोडे दिवस म्हणून. भाऊ सांताक्रूझला. नळाला पाणी आलं, विजेचे खांबही सरळ झाले, पण त्या दोघी परतल्या नाहीत. पुढे रीतसर घटस्फोट झाला. मुलीची आणि काकांची मधल्या काळात काय ती गाठ पडली ती पुण्यात, आजोळच्या दिवाणखान्यात, सगळ्या नातेवाइकांच्या देखत.

त्यानंतर आम्ही ओलोनींना जरा आदराने वागवू लागलो. एकदा काका म्हणाले, "तुला माहितीये, त्या दिवशी इथून निघालेली लाट अख्खा पॅसिफिक ओलांडून आमच्या काउंटीच्या बंदरात शिरली. होड्या बुडाल्या तिथे. म्हणजे तसं बघितलं तर आपण शेजारीच." मी "हो ना," म्हटलं.

वर्षं गेली. आमची चिनू इथेच जन्मली, जपानी शाळेत जाऊ लागली, आम्ही मराठीत विचारलं की जपानीत उत्तर द्यायला लागली. काकांच्या अस्वल-बैलाच्या गोष्टींवर ती पोसली गेली. आणि एका शनिवारी सकाळी काका आमच्या दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, दाढी दोनदा केल्यासारखी.

"नारिता विमानतळावर येतोस का? रेवा येतेय. कॉलेजला सुट्टी आहे म्हणे. तसं काम काही नाही. सोबत."

गाडीत ते कधी नव्हे ते मुकाट बसले होते. शेवटी मीच विचारलं, "काका, हे काउंटीचं वेड कधीपासून?"

"चौथीत होती ती," खिडकीबाहेर बघत ते म्हणाले. "तिकडे चौथीला मिशनचा प्रकल्प असतो. पुठ्ठ्याचं चर्च वगैरे करायचं. फोनवर म्हणाली, बाबा, तुला मिशनबद्दल माहितीये? मी म्हटलं, नाही गं. तर म्हणाली, ओके, मामाला विचारते." मग पुढे म्हणाले, "म्हटलं, पुढच्या वेळी आपल्याला सगळं यायला पाहिजे. बसलो अभ्यासाला."

"मग पुढच्या वेळी?"

"पुढच्या वर्षी पाचवी. पाचवीला अख्ख्या अमेरिकेचा इतिहास असतो."

रेवा उंच होती, काकांसारखी किडकिडीत. दोघांनी एकमेकांना मिठी मारावी की वाकून नमस्कार करावा, या घोळात काही क्षण गेले. शेवटी काकांनी तिची बॅग घेतली.

दुसऱ्या दिवशी दोघं आमच्याकडे जेवायला. श्रीखंड-पुरी. मला एकच धास्ती होती. इतक्या वर्षांचा तुंबलेला इतिहास आता या पोरीवर फुटणार. ती परत आली नाही तर दोष ओलोनींचा नसेल. मुग्धाने मात्र आगीत तेल ओतलं. "रेवा, तुझ्या सांताक्रूझबद्दल तुझ्या बाबांना..."

"मला कुठे काय माहितीये?" काका घाईने म्हणाले. "समुद्र आहे तिथे, एवढं ऐकलंय. तू सांग ना."

मुग्धाने वाक्य तिथेच सोडून त्यांच्या पानात श्रीखंड वाढलं.

रेवा आधी संकोचली, मग खुलली. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, आणि मधूनच आठव्या वर्षापर्यंतचं जपानी. समुद्रात लाटांवर फळ्या घेऊन पोरं कशी उभी राहतात ते हातवारे करून सांगू लागली. "आणि बाबा, यू नो, हे सगळं हवाईच्या राजपुत्रांनी सुरू केलं. दोन राजपुत्र होते. ते शिकायला आले होते, आणि त्यांनी तिथल्याच रेडवूडच्या फळ्या करून..."

"सान्निन!" चिनू ओरडली. तीन! "तीन होते! खांबेटेआजो..."

काकांनी हातातली अख्खी पुरी चिनूच्या तोंडात कोंबली.

"लहान आहे ती," ते रेवाला म्हणाले. "तू सांग. दोन राजपुत्र. मग?"

रेवा बोलत राहिली. चुन्याच्या भट्ट्या तिने चुकीच्या डोंगरावर नेऊन ठेवल्या. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या जपानी शेतकऱ्यांना दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलं, हे मात्र तिने नीट सांगितलं, कारण तिच्या मैत्रिणीचे पणजोबा त्यात होते. काका श्रीखंड विसरून ऐकत होते. "अस्सं?" म्हणत होते. "हळू सांग, मला कळू दे नीट," म्हणत होते.

चहा आला तेव्हा ती एकदम थांबली. "सॉरी बाबा. मी फार बोलतेय ना? बोअर होतंय?"

"छे गं," काका म्हणाले आणि खुर्ची तिच्याजवळ ओढून बसले. "मला यातलं काहीच माहीत नव्हतं."