चिडका नातेवाईक पाहिजे

या, असे जरा पुढं सरकून बसा. माउलीचं नाव घेऊन लातूरच्या एका दवाखान्यातली गंमत सांगतो.

त्या वर्षी कोचिंगच्या पोरांत डेंग्यूची साथ होती. एका पोराचा बाप वॉर्डात येऊन ओरडला, "पोराची क्लासातली टेस्ट बुडली तर हितली एक काच शाबूत ठेवत न्हाई." रुद्राणी सिस्टरनं त्याला बसवलं, पाणी दिलं, मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं. बाप डोळे पुसत बाहेर गेला. डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "इन्चार्ज अशी पाहिजे."

गुरम्मा सिस्टरचा जळफळाट झाला. नोकरी तिची जुनी, इन्चार्जच्या खुर्चीवर डोळाही तिचाच. "मला काय ऐकून घेता येत न्हाई? चिडलेलं माणूस तर मिळू द्या." पण वॉर्ड नेमका गपगार. मग तिनं ठरवलं, आपणच एकाला चिडवायचं अन् आपणच शांत करायचं.

कोपऱ्यात आजारी नातवाजवळ शेषेराव बसले होते. किल्लारीकडचे, गळ्यात तुळशीची माळ. गुरम्मानं त्यांचं स्टूल उचलून नेलं. ते फरशीवर बसले.

"खाली बसायचं न्हाई."

ते उभे राहिले. त्यांचा चहा तिनं दारातूनच परत पाठवला.

"बरं झालं," शेषेराव म्हणाले, "पित्तच होऊन राहिलं होतं."

"आजोबा, तुम्हाला राग कसा येत न्हाई?"

"भूकंपात घर गेलं, बाई. तवा लई हुडकलं, कुणावर चिडावं म्हणून. कुणी घावलंच न्हाई."

गुरम्माचं टाळकं सरकलं. "समदे ओरडतेत, अन् माझ्याच टायमाला तुम्ही गप! बघून घेईन तुम्हाला."

आवाज ऐकून रुद्राणी धावत आली. तिनं गुरम्माला बसवलं, हातात पाणी दिलं अन् मधे न बोलता ऐकू लागली. तेवढ्यात डॉक्टर आले.

"कोण ओरडलं?"

गुरम्माला वाटलं, खुर्ची तर गेलीच, आता नोकरीही जाते की काय.

शेषेरावांनी हात जोडले अन् गुरम्माकडं मान वळवली. "मीच, सायेब. डोकं फिरलं होतं. ह्या बाईंनी शांत केलं."

गुरम्माच्या हातातला पाण्याचा ग्लास पाहून डॉक्टरांची खात्रीच पटली.

"गुरम्मा सिस्टर, इन्चार्ज रुद्राणी होईल. तुमच्यासारखं माणूस दारातच पाहिजे. उद्यापासून भांडायला येणारा प्रत्येक नातेवाईक तुमच्याकडं."

टेस्टांचे दिवस दरवर्षी येतात, अन् गुरम्मा अजून दारातच आहे. तेव्हा आज आरतीला हात जोडाल, तर एवढं करा, त्या गुरम्माचीही आठवण ठेवा.