कृपया पूर्वीसारखे दिसा

बायकोने मला टेम्पो आणायला पाठवलं होतं. हे आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर तुम्हाला ते तिच्या तोंडून ऐकावं लागेल.

ती जुन्या खुर्च्यांना आणि सोफ्यांना नवीन फोम, नवीन कापड घालून देते. धंदा वाढला, सामान पोचवायला वाहन हवं झालं. "साधा, जुना, चालणारा टेम्पो बघा," असं तिने तीन विशेषणं लावून सांगितलं होतं. मी पाणीपुरवठा खात्यात कारकून आहे, लोकांचे अर्ज शब्दन् शब्द वाचणं हा माझा पेशा. तरीही मी परत आलो तो इलेक्ट्रिक पिकअप घेऊन. साधी नाही, जुनी नाही. तिसऱ्या विशेषणाबद्दल त्या दिवशी काही सांगता आलं नसतं.

दिसायला गाडी म्हणजे आडवं टाकलेलं लोखंडी कपाट. गोलाई कुठेच नाही. (चाकं सोडून. तिथे कंपनीचा नाइलाज झाला असावा.) दाराला मूठ नाही, किल्ली नाही. मालकाने समोर उभं राहायचं, गाडी चेहरा ओळखते आणि दारं उघडते. मागच्या हौद्याचं झाकणही तसंच.

"आणि माझा चेहरा?" बायकोने विचारलं.

"सध्या एकच बसतो. दुसरा पुढच्या अपडेटमध्ये."

"म्हणजे कष्ट माझे आणि चेहरा तुमचा."

मला ते कौतुक वाटलं.

आठवडाभर गाडी माझ्या नुसत्या नजरेला उघडत होती. शेजारी "कपाट निघालं, कपाट आलं" म्हणायचे. मी त्यांना माफ करायचो.

मग वाचनालयाच्या सोळा खुर्च्यांचा दिवस आला. बायकोची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. नवा वाचनकक्ष अकराला उघडणार होता. खुर्च्या वेळेत पोचल्या आणि आवडल्या, तर सगळ्या शाखांचं काम तिला मिळणार होतं. उशीर झाला तर दुसरा कुशनवाला टपलेलाच होता. पंधरा दिवस तिने पाठ टेकली नव्हती, बोटांची टाचण्यांनी चाळण झाली होती.

दहाला निघालो. मोठ्या चौकात, बरोब्बर मधोमध, गाडी थांबली. बॅटरी बासष्ट टक्के होती.

"सुरक्षा तपासणी सुरू आहे. कृपया खाली उतरा," गाडी म्हणाली. आम्ही उतरलो. (ऑफिसात मीही लोकांना असंच बाहेर थांबवतो, त्यामुळे संशय आला नाही.) दारं बंद झाली. "तपासणी पूर्ण. मालकाने समोर यावे."

मी समोर गेलो.

"ओळख पटली नाही," गाडी म्हणाली. आवाज मोठा होता. चौक थांबला.

पहिला आला तो पंक्चरवाला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. "साहेब, हे कपाट कितव्या मजल्यावर न्यायचंय?"

"मला वाटलं पाण्याची टाकी आली," पिशवी घेतलेल्या एक आजीबाई म्हणाल्या. "बादल्या आणायला निघाले होते."

"हे पाणीपुरवठ्यातलेच आहेत, आजी," कोणीतरी मला ओळखलं. (गाडीने नाही.) "म्हणजे टाकी रिकामीच असणार."

ट्रॅफिक हवालदार आला. ढकला म्हणाला. दहाजणांनी ढकललं, पण चाकं जाम होती. मी कंपनीला फोन लावला.

"सर, नोंदणीच्या वेळी तुमचा चेहरा कसा होता?" पलीकडून एका मुलीने गोड आवाजात विचारलं.

"माझाच होता."

"म्हणजे भाव, सर. फोटो पाठवते. अगदी तसे दिसा."

फोटो आला. शोरूममध्ये, खरेदीच्या दिवशी काढलेला. माझे सगळे दात दिसत होते, डोळे आनंदाने मिटत आले होते. बायकोने तो बराच वेळ पाहिला.

"आपल्या लग्नाच्या अल्बममध्ये हा माणूस कुठेच नाही," ती म्हणाली.

"तेव्हाचा फोटोग्राफर बरा नव्हता," मी म्हणालो. (याहून चांगलं उत्तर असणार, पण ते अजून सापडलेलं नाही.)

फोन चौकभर फिरला. सगळे आधी फोटो बघायचे, मग मला बघायचे आणि मान हलवायचे. मी हसून दाखवलं.

"ओळख पटली नाही. कृपया पूर्वीसारखे दिसा."

"साहेब, हे रडणं झालं," हवालदार म्हणाला. पंक्चरवाल्याने रीतसर परवानगी घेऊन मला गुदगुल्या केल्या. गाडी बधली नाही. रिक्षावाल्यांनी गाडीवर एकेक विनोद करायला सुरुवात केली. विनोद उत्तम होते, आजीबाई तर पिशवी खाली ठेवून हसत होत्या. पण ज्याच्या गाडीवर होतात, त्याला हसू येत नाही.

दहा चाळीस झाले. बायको हौद्याच्या बंद झाकणावर हात ठेवून उभी होती.   मला माझी खरोखर लाज वाटली. तिच्या पंधरा दिवसांना मी माझ्या हौसेचं कुलूप लावलं होतं.

मग ती माझ्यासमोर आली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, ऐका. उद्या ही गाडी विकून टाका. मी पुन्हा हा विषय जन्मात काढणार नाही."

"जन्मात?"

"जन्मात."

माझ्या चेहऱ्याचं काय झालं ते मला दिसलं नाही, पण चौकाला दिसलं. "आला! फोटोतला माणूस आला!" पंक्चरवाला ओरडला आणि त्याने मला खांद्याला धरून गाडीकडे वळवलं.

"सुस्वागतम," गाडी म्हणाली. दारं उघडली, झाकण उघडलं.

त्या दारांवर आता कोणाचाच भरवसा नव्हता. लोकांनीच एकेक खुर्ची उचलली. हवालदाराने दोन घेतल्या. दोन गल्ल्या ओलांडून सोळा खुर्च्या वाचनालयात पोचल्या तेव्हा अकराला तीन मिनिटं कमी होती. ग्रंथपालबाई सोळाच्या सोळा खुर्च्यांवर एकेकदा बसून उठल्या आणि बायकोला आत घेऊन गेल्या. मी जिन्यात थांबलो.

ती अर्ध्या तासाने कागद घेऊन बाहेर आली. सगळ्या शाखा, दोन वर्षांचा करार. तिचे डोळे भरून आले होते, माझेही आले.

"दोन अटी आहेत," ती म्हणाली. "पहिली, ती गाडी वाचनालयाच्या फाटकात आणायची नाही."

"रास्त आहे. आणि दुसरी?"

"तुम्हालाही आणायचं नाही."

"बाई फारच कडक दिसतात," मी म्हणालो.

"बाई फक्त गाडीबद्दल बोलत होत्या," बायकोने कागदाची घडी घातली. "दुसरी अट मी घालून घेतली."