गिटारीचा मान

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात 'कातळ' या थ्रॅश मेटल बँडची रीतसर स्थापना झाली. सभासद तीन, आणि तिघांनाही वाजवता येत होतं. हा दोष पुढे यथावकाश दूर करण्यात आला. संदेश पाथरे गिटार वाजवायचा आणि गायचा, म्हणजे ओरडायचा. नम्रता बेस गिटारवर होती. ड्रमवर शिवा, आणि त्याचे दोन्ही पाय असे चालायचे की शेजारच्या काजू कारखान्यातल्या बायका मशीन बिघडलं समजून बाहेर यायच्या.

पहिला अल्बम काढायचा, एवढंच संदेशचं स्वप्न होतं. त्यातलं शेवटचं गाणं त्याने वडील गेले त्या वर्षी केलं होतं. गाण्यात गिटारीचा एक लांब तुकडा होता आणि त्यावर संदेशचा जीव होता. तो तुकडा एकदा लोकांनी ऐकला की जन्मभर हापूसच्या कलमांना खत घालायलाही त्याची ना नव्हती.

पण शिवाला मुंबईत नोकरी लागली. त्यातच बर्फाच्या कारखान्याच्या मालकाला आंब्याच्या पेट्यांसाठी जागा हवी झाली. संदेशने सरावासाठी आपल्या वाडीचं सभागृह मागितलं, आणि वाडीचे अध्यक्ष परशुराम आबांनी लगेच सभा लावली.

"हॉल देऊ," आबा म्हणाले. "पन वाडीच्या हॉलात वाजंल ता वाडीचा. ढोलाचा मान रहाट्यांच्या घरात हाय. शिवाच्या जागंवर गंगाराम वाजवील."

"आबा, तो ढोल नाही, ड्रम आहे."

"चामडा हाय ना?"

"प्लास्टिक आहे."

"काळानुसार बदल व्हायचाच. आमची हरकत नाय."

गंगाराम रहाटे शिमग्यात पालखीपुढे ढोल वाजवणारे. ते धुतलेली टोपी घालून आले, चपला बाहेर काढल्या, ड्रमपुढे नारळ ठेवला आणि वाकून नमस्कार करताना त्यांना खाली पेडल दिसलं.

"ह्या काय?"

"मोठा ड्रम पायाने वाजवतात, काका."

"ढोलाला पाय?" गंगारामांनी ठेवलेला नारळ परत उचलला. शिवा दोन्ही पाय लावायचा, हे संदेशने सांगितलंच नाही.

ढोलास कोणीही पाय लावू नये, असा ठराव एकमताने झाला. मग मोठा ड्रम हाताने बडवायला दुसरा माणूस आला, आणि तो मान धाकट्या रहाट्यांचा निघाला. गंगारामांच्या थोरल्या घराचं आणि या धाकट्या घराचं एका सामाईक फणसावरून बोलणं बंद होतं, दोघं एका छपराखाली थांबत नसत. त्यामुळे गंगाराम चार ठोके देऊन बाहेर जात, मग धाकटे आत येऊन दोन ठोके देत. थ्रॅश मेटलचा सगळा जीव वेगात असतो. 'कातळ'चा वेग मात्र चपला काढण्या-घालण्यावर ठरू लागला.

तेवढ्यात नम्रताचं लग्न गुहागरला ठरलं. सभेने तिचं अभिनंदन केलं आणि जागा काढून घेतली.

"लेक परक्या घरची झाली. मान म्हायेरात ऱ्हातो," आबा म्हणाले.

"पण आबा, बेस मला मानात मिळाला नव्हता. मी शिकले."

"मंग तर प्रश्नच मिटला."

तिची खणानारळाने ओटी भरण्यात आली. बेसचा मान वाडीच्या मुंबई मंडळाला गेला, कारण सभागृहाचे पंखे त्यांनी दिले होते. मंडळाचा प्रतिनिधी गणपतीला आणि शिमग्यालाच गावी येत असल्याने गाण्यांत बेसही तेव्हाच वाजणार होता.

शेवटी आबांनी चष्मा पुसला. "आता गिटारीचा मान कोनाचा?"

म्हाताऱ्यांनी डोकी खाजवली. कोणाच्याच घरात निघेना.

"मान नाय, तर वाजवायची कशी?"

"आबा, बँड मी काढलाय! गाणी माझी आहेत!"

"देऊळ बांधनारा गवंडी गाभाऱ्यात बसत नाय, बाबा."

दारात नम्रता उभी होती, ओटीचा नारळ हातात घेऊन. "ऊठ, संदेश. शिवाला फोन कर. गुहागरात माझ्या सासरची पोफळीची बाग आहे, तिथे वाजवू. मान विचारायला कोण येतंय?"

संदेश उठला. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदाच त्याला हलकं वाटलं. तो दारापर्यंत पोचला असेल, तेवढ्यात आबा मागून म्हणाले, "बस जरा. गिटारीचा मान पाथऱ्यांच्या घरात देऊ. पिढ्यान्‌पिढ्या."

संदेशचे पाय थांबले. "पिढ्यान्‌पिढ्या?"

"तुझ्या पोराला वाजवता नाय आली तरी."

संदेश येऊन बसला. यावेळी पहिल्या रांगेत. नम्रताने ओटीचा नारळ पिशवीत टाकला आणि ती एकटीच एसटी स्टँडकडे निघाली.

अल्बम आला. आरंभी आबांनी देवाला घातलेलं गाऱ्हाणं होतं, त्यावर सगळ्या वाडीचं "व्हय म्हाराजा!", पुढे थोरल्या घराचे ठोके, धाकट्या घराचे ठोके आणि मुंबई मंडळाचं मनोगत. मनोगत लांबल्यामुळे शेवटचं गाणं वगळावं लागलं.

त्याच संध्याकाळी गुहागरहून नम्रताचा फोन आला. तिला रडू आवरत नव्हतं. "संदेश, अरे, तुझ्या बाबांचं गाणंच नाहीये त्यात!"

"ते राहू दे गं," संदेश तावातावाने म्हणाला. "तू वाडीच्या तोंडावरचा अल्बमचा फलक बघितलास का? माझं नाव रहाट्यांच्या खाली टाकलंय!"

तुम्हाला हसू येत असेल तर खुशाल हसा. फक्त मागे भाच्याची लग्नपत्रिका हातात पडली, तेव्हा तुम्ही आधी नवरीचं नाव वाचलंत की निमंत्रकांत आपलं कितवं आहे ते पाहिलंत, एवढं मनाशी आठवा.