अडीच मणाचं पोस्टकार्ड

रनाळ्याच्या हिंमतराव पाटलांनी अठ्ठावन्न साली विमान घ्यायचं ठरवलं, आणि ठरवल्याबरोबर सांगूनही टाकलं! नंदुरबार स्टेशनासमोरच्या चहाच्या दुकानात बाकावर थाप मारून ते गरजले, "औंदा आखाजीले मन्ही घरवाली माहेरले जाई, ते आभायमधून जाई!"

अक्षय्य तृतीयेला बायको आभाळातून माहेरी जाणार, तरी कोणी हसलं नाही. पंचक्रोशीत पहिला ट्रॅक्टर हिंमतरावांनीच आणला होता. तो तिसऱ्या दिवशी विहिरीत गेला, ही गोष्ट वेगळी.

सुरतेकडचा एक फ्लाइंग क्लब आपली जुनी शिकाऊ विमानं विकत होता. दोन उरली होती. एक दोन सीटचं, एक चार सीटचं. क्लबात शिकवणारे भरूचासाहेब स्वतः रेल्वेने आले, पुरणपोळी जेवले आणि ओसरीवरच्या खाटेवर बसून समजावू लागले.

"जुओ हिंमतराव, शिकायला दोन सीटवालाच सारू. हलका आहे, पेट्रोल कमी पिते, पडला तरी हळू पडते."

"पडला?"

"चार सीटवाला फॅमिलीसाठी. पण चारी माणूस जाडा बसला तर पेट्रोल नाय भरायचा, आणि पेट्रोल भरला तर माणूस नाय भरायचा! म्हणून आधी कोण बसणार ते ठरवा, एकेकाचं वजन लिहून पाठवा. मग मी सांगते कोणता घ्यायचा."

साहेब गेले आणि हिंमतराव पेचात पडले. दोनचं घ्यावं, तर लोक म्हणतील सायकल घेतली. चारचं घ्यावं, तर भावकी विचारेल चौथा कोण! तिकडे धावपट्टीसाठी बोंडावर आलेली कपाशी उपटून झाली होती. ती लांबलचक उघडी पट्टी बघितली की त्यांना रडू यायचं. आता मागे फिरणार कसं?

शेवटी त्यांनी पोस्टकार्ड काढलं. स्वतःचं वजन लिहिलं दोन मण. लग्नात तेवढं होतं. पुढे रंजनाबाईंचं लिहायचं होतं. पण बायकोला तिचं वजन विचारायचं? त्यापेक्षा विमान उलटं चालवणं सोपं! म्हणून ते गेले कापसाच्या जिनात, उखा तोलाऱ्याकडे. उखा तीस वर्षं कापूस तोलत होता.

"आप्पा, गासडी नुसती देखी की वजन सांगस मी!"

"गासडी नही रे. मानूस शे." हिंमतरावांनी इकडेतिकडे बघत दोन्ही हात हवेत फिरवून रंजनाबाईंचा आकार काढून दाखवला. हात जरा मोकळेच फिरले.

उखाने डोळे मिटले. "अडीच मण!"

लिहिलं. पाकिटात घालून पाठवावं हे सुचलं नाही. आणि गावचं पोस्ट होतं लोटन मास्तरांकडे. अर्ध्या गावाची पत्रं तेच वाचून दाखवायचे, त्यामुळे पत्र दिसलं की मोठ्याने वाचायची त्यांना सवयच लागलेली!

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर शेजारच्या निर्मलाबाईंनी हळूच म्हटलं, "बाई, थारोयाना दगडवर जरा दमानं बठ. तू अडीच मणनी शे म्हनतस."

रंजनाबाईंनी कळशी तिथेच ठेवली. पदर खोचला आणि तडक जिनात! मागे बायका, त्यांच्यामागे गडी, आणि सगळ्यांच्या मागे एका हाताने धोतर सावरत हिंमतराव. "अवं, ऐक ते खरी!" ऐकतो कोण?

"लाव रे उखा, काटा!" रंजनाबाई पारड्यात बसल्या. उखाने वजनं चढवली. मग उतरवली. आणखी उतरवली. पारडं सरळ झालं तेव्हा भरले दीड मण! लोक ओरडले. उखाचा चेहरा पिंजलेल्या कापसासारखा पांढरा पडला.

"आते तुम्ही बठा," रंजनाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"मी? मन्हं ते लिखेल शे..."

"बठा!"

हिंमतराव बसले. दोन मण ठेवले, पारडं जमीन सोडेना. अडीच झाले, तीन झाले. वर दांडी कुरकुरली.

"उतरा आप्पा," उखा हात जोडून म्हणाला, "काटा मालकना शे."

रंजनाबाईंनी लोटन मास्तरांना समोर बसवून खरी वजनं घातलेलं दुसरं पोस्टकार्ड लिहून घेतलं. त्यानंतर आठ दिवस घरात भाकरी ताटात पडायची, शब्द पडायचा नाही. हिंमतराव ओसरीवर बसून उत्तराची वाट बघत होते. चहाच्या दुकानात जायची सोय उरली नव्हती.

उत्तर आलंच नाही. विमान आलं! दोन सीटचं, घरघरत, थेट कपाशीच्या पट्टीवर. सारं गाव गाड्या जुंपून धावलं. भरूचासाहेब खाली उतरले.

"माफ करा हिंमतराव. दोनमधी तमे बसत नाय. चारमधी बसला तर बाकीचे खाली ठेवावे लागेल. पण ते दीड मणवाला कोण छे? एकदम फर्स्टक्लास वजन!"

"ती? ती ते मन्ही घरवाली..."

घरवालीने साहेबांसाठी आणलेला ताकाचा गडू निर्मलाबाईंच्या हातात दिला होता आणि ती विमानात चढतही होती.

विमान तापीकडे वळून ठिपक्याएवढं झालं. हिंमतराव डोक्याला हात लावून उभे. ती घाबरेल याची त्यांना भीती होती. ती घाबरलीच नाही तर काय, याची त्याहून जास्त!

विमान उतरलं. रंजनाबाईंचे केस पिंजारलेले, डोळे वाऱ्याने लाल, आणि चेहऱ्यावर हसू. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण असं हसू हिंमतरावांनी पाहिलं नव्हतं.

ते पुढे झाले. "मंग? दोननं लेवूत का चारनं?"

"दोननं," रंजनाबाई म्हणाल्या. "साहेब म्हनतस, माले दोन महिनामा चालाडता येई जाई. आते आखो एक चक्कर मारी येतस."

"आनि मी?"

रंजनाबाईंनी विचार केला. मघाशी विमान उतरलं तेव्हा गाड्यांचे बैल बुजून सैरावैरा झाले होते.

"तुम्ही बैल धरा," त्या म्हणाल्या.

भरूचासाहेबांनी पंखा फिरवला. धूळ उडाली. हिंमतरावांनी बैल धरले.