नाक्यावरचा फ्लेक्स

सारसोळ्याच्या नाक्यावर हिरामणशेठचा फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर ते गॉगल लावून, फोन कानाला धरून आभाळाकडे बघत होते. वर लिहिलं होतं, ‘विमानातून झेप घेणारे गावचे पहिले सुपुत्र’. खाली बावीस शुभेच्छुकांचे गोल फोटो. उडी अजून तीन आठवड्यांवर होती. ती फसली तर फोटो तोच ठेवून मजकूर तेवढा बदलावा लागेल, हे शेठच्या लगेच लक्षात आलं.

चूक त्यांचीच होती. साठीच्या केकसमोर पुतण्या केतनने हातात माइक दिला आणि शेठ बोलून गेले, “आता आपल्या डोक्यावरून विमाना जातान. एक दिवस त्यातना उडी मारून दाखवतो!” केतनने दुसऱ्या दिवशी घाटावरच्या एका धावपट्टीवर पॅराशूटच्या उडीचं बुकिंग केलं आणि तिसऱ्या दिवशी फ्लेक्स लावला. आता माघार घेतली असती तर गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

फॉर्म वाचताना मात्र सुटकेची एक फट दिसली. वजन पंच्याण्णव किलोच्या आत हवं होतं. शेठ ब्याण्णव होते. त्या दिवसापासून दोन भाकऱ्यांच्या चार झाल्या आणि कोलंबीच्या कालवणाला तळलेल्या बोंबलांची जोड मिळाली.

“अवो, पोटान वाघ शिरलाय का?” मालतीबाईंनी नवऱ्याला विचारलं.

“उडीला ताकद लागते.”

मालतीबाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पाचवी भाकरी वाढली.

उडीच्या सकाळी प्रशिक्षक रणजीतने शेठना काट्यावर उभं केलं. रणजीत त्यांना आपल्या छातीशी बांधून सोबत उडी मारणार होता. काटा पंच्याण्णव किलो आठशे ग्रॅमवर थांबला. शेठचा जीव भांड्यात पडला. चेहरा मात्र त्यांनी सुतकी केला.

“नियम म्हंजे नियम. नशिबात नव्हता, काय करनार! चल मालती, गाडीत बस.”

“थांबा,” मालतीबाई म्हणाल्या. “गल्यातला काढा.”

“काय?”

“सोना. चेनी, कडा, अंगठ्या.”

तीन चेनी उतरल्या, कडं उतरलं. काटा पंच्याण्णव चारशे. एक अंगठी निघेना, तेव्हा मालतीबाईंनी पर्समधून खोबरेल काढलं. ते घरूनच आणलेलं होतं. काटा पंच्याण्णव तीनशेवर अडला. शेठनी हळूच श्वास सोडला.

“आता खिशातले दोन फोन. आनि कंबरेचा जुडगा.”

अकरा भाड्याच्या खोल्यांच्या किल्ल्यांचा तो जुडगा शेठ झोपतानाही काढत नसत. काटा चौऱ्याण्णव सातशे.

“चला शेठ,” रणजीत हसत म्हणाला.

दहा हजार फुटांवर विमानाचं दार उघडलं. वारा कानात शिरला. शेठचे पाय बाहेर लोंबकळत होते आणि खाली शेतं रुमालाएवढी दिसत होती.

“शेठ, तयार?”

“थांब, थांब, माझा जरा...”

रणजीत थांबला नाही. शेठनी डोळे मिटले आणि थेट जमिनीवर बूड आपटल्यावरच उघडले. हात, पाय, मान, सगळं जागेवर होतं. केतन मोबाइल घेऊन नाचत होता.

मालतीबाई मात्र समोर पट्टे बांधून उभ्या होत्या. त्यांनी सोन्याची पिशवी शेठच्या हातात दिली आणि आपल्या गळ्यातलं मंगळसूत्र काढून तिच्यावर ठेवलं.

“हे धरा. आता माझा नंबर.”

“तुझा? येडी झालीस का?”

“फॉर्म कवाच भरलाय. चौपन्न किलो. तुमी भाकऱ्या कशाला खाताव, माला काय कलत नव्हता? तुमी वजनात बाद झालाव असता तर मालापन गाडीत कोंबून घरी नेला असता. पस्तीस वर्सांत दुसरा काय केलाव?”

विमान उडालं. शेठनी मंगळसूत्र मुठीत आवळलं. स्वतःच्या उडीला डोळे मिटता आले होते, आता पापणी हलवायचीही हिंमत होईना. वर एक ठिपका सुटला आणि पडतच राहिला. छत्री काही उघडेना. शेठनी एकवीराआईला हाक मारली. मग छत्री उघडली आणि थोड्या वेळाने मालतीबाई हसत हसत दोन्ही पायांवर उतरल्या. शेठची मूठ सोडवायला मात्र केतनला यावं लागलं.

चार दिवसांनी नाक्यावर नवा फ्लेक्स लागला. मजकूर शेठनी स्वतः सांगितला होता. मधोमध गॉगल लावलेल्या मालतीबाई, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, तेविसाव्या गोलात, हिरामणशेठ.